सत्तरच्या पुढची थरथर

६ फेब्रुवारी

चि. जावईबापूंस,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे बरे आहोत आणि तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. हिचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण तोंड शाबूत आहे, त्यामुळे घर चालू आहे. छकुली मजेत. माझ्या जुन्या औषधाच्या दुकानातला छोटा तराजू तिला सापडलाय. त्यात ती बाहुल्या तोलते आणि कुठली जाड झाली ते घरभर सांगत फिरते. जेवताना रोज एकदा "बाबा कधी येणार?" विचारते आणि उत्तराची वाट न पाहता पुढचा घास घेते.

फोन सोडून पत्र का, असं तुमच्या मनात येईल. परवा फोनवर काय झालं ते आठवा. मी दोन वाक्यांत तापतो आणि तुम्ही एका वाक्यात फोन ठेवता. कागदावर दोघांनाही जरा दमानं घ्यावं लागतं.

आमची लेक अजून परत निघालेली नाही, याचं कारण गाडी आहे. गाडी हादरते.

हे तुणतुणं तुम्ही महिनोन् महिने ऐकत आलात, याची मला कल्पना आहे. मीही आधी ते मनावर घेतलं नाही. ती आली त्या दुपारी पिशव्या खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, गाडी जरा चालवून बघता?" मी चालवली. बाजारापर्यंत गेलो, शाळेला वळसा घालून परत आलो. गाडी अगदी लोण्यासारखी. किल्ली तिच्या हातात देऊन म्हटलं, "काही नाही गं. दमली आहेस तू." ती स्वयंपाकघरात गेली आणि घासून ठेवलेली भांडी परत घासायला लागली.

ही दारात उभी राहून सगळं बघत होती. मला म्हणाली, "बाजारात तुम्ही सत्तरनं गेलात?"

"बाजारात सत्तरनं कोण जाईल?"

"मग? ती म्हणते सत्तरच्या पुढे हादरते. तुम्ही तिसानं जाऊन आलात आणि निकाल देऊन मोकळे. इतकी वर्षं दुकानात बसलात, रोग्याला न विचारता औषध कधी दिलंत का?"

हिच्यापुढे माझं कधी चाललंय? दुसऱ्या दिवशी छकुलीला हिच्याकडे ठेवून आम्ही दोघं हमरस्त्याला लागलो. चालवत होती ती, मी शेजारी. साठपर्यंत काहीच नाही. मी मनात वाक्यं जुळवत होतो, की पोरीला न दुखावता कसं सांगावं. तेवढ्यात ती म्हणाली, "आता येईल."

काटा सत्तरला टेकला आणि आलं. आधी वाटलं, रस्ता खराब असेल. पण रस्ता नवा होता, आरशासारखा. स्टिअरिंग स्थिर, तिचे हातही स्थिर. हलत होतं ते खालून, बुडाखालून. जणू सीटच्या खाली कुणीतरी मोठं जातं फिरवतंय आणि ते जातं एका बाजूला झुकलंय. ऐंशीला पुढच्या कप्प्यातला माझा चष्मा खडखडायला लागला. वरच्या आरशात मागच्या एका ट्रकचे दोन झाले. मी म्हटलं, "कमी कर, कमी कर."

तिनं कमी केली नाही. रस्ता सोडून माझ्याकडे बघितलं. "तुम्हालाही जाणवतंय ना?"

"जाणवतंय."

"खरंच?"

"अगं खरंच जाणवतंय. समोर बघ."

मग तिनं वेग उतरवला. जावईबापू, तिचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. गाडी बिघडली आहे हे कळल्यावर माणसाला एवढा आनंद झालेला मी पाहिला नव्हता. मला त्या आनंदाची भीती वाटली.

गाडीतलं तुम्हाला कळतं. तुमच्या ऑफिसातले निम्मे लोक गॅरेजच्या आधी तुम्हाला विचारतात. मला इंजिन कुठं आहे एवढंच माहीत. तेव्हा कुठून बघायला सुरुवात करावी ते सविस्तर कळवा. दुरुस्त झाल्याशिवाय त्या गाडीत मी छकुलीला बसू देणार नाही, हे तुम्हालाही पटेल.

आणखी एक लिहायचं होतं. ते या पत्रात नको.

तुमचा हितचिंतक,
बाबा


१५ फेब्रुवारी

चि. जावईबापू,

आशीर्वाद. पत्र पोचलं. छकुलीसाठी एखादी ओळ घातली असतीत तर तिला वाचून दाखवता आली असती. बाकी अक्षर सुरेख. डॉक्टरांची अक्षरं लावण्यात माझी हयात गेली, त्यामुळे इतका सुवाच्य राग वाचायला बरा वाटतो.

"जुनी गाडी आहे, थोडी हलणारच; तिला बसनं पाठवा, गाडीचं मी बघतो," असं तुम्ही लिहिलंत. खाली तपासायच्या गोष्टीही दिल्यात. त्याबद्दल आभारी आहे. मी तुमचा शब्द न् शब्द पाळला.

टायरची हवा पाहिली. चारही चाकं काढून बॅलन्सिंग करून घेतलं. हमरस्त्यावर गेलो. सत्तरला जैसे थे. मग इंजिनाखालचे रबर. आमच्या गल्लीच्या टोकाला एक गॅरेज आहे. तिथल्या मिस्त्रीला सगळे डुलकी म्हणतात, कारण गाडीखाली शिरला की त्याचा डोळा लागतो. त्याचाही आधी रबरांवरच वहीम होता. ते बदलले. पुन्हा हमरस्ता, पुन्हा तेच. डुलकीला ते जरा लागलं. म्हणाला, "काका, आता मी येतो."

तो शेजारी बसला, ती चालवत होती, मी मागे. गाडी सत्तरच्या पुढे गेली, थरथर सुरू झाली, तसा तो म्हणाला, "ताई, आता गिअर न्यूट्रलला टाका आणि पाय काढा." इंजिनाचा आवाज बसला. गाडी नुसती आपल्या वेगानं धावत राहिली. थरथर होती तेवढीच. डुलकी म्हणाला, "म्हणजे इंजिन सुटलं. चाकं आपण बघितली. मधलं राहिलं."

मधलं म्हणजे शाफ्ट. हे तुम्हाला सांगायला नको, मी नव्यानं शिकलो म्हणून लिहितो. गाडीच्या पोटाखालून एक लांब लोखंडी नळा जातो, इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांना पोचवतो. त्याच्या दोन्ही टोकांना फुलीच्या आकाराचा सांधा असतो, त्याला हे लोक क्रॉस म्हणतात. गाडी वर चढवली आणि डुलकीनं पुढच्या सांध्याजवळ नळा धरून पिळला. टक् टक् असं वाजलं. सांध्याभोवती विटेच्या चुऱ्यासारखी तांबडी भुकटी जमली होती.

"ग्रीस सुकून गेलंय, नुसता गंज आहे," तो म्हणाला.

मी विचारलं, "अजून किती चालला असता?"

"ते कुणी सांगावं? महिनाभर चालेल, नाहीतर इथून घरी जाताना जाईल."

"आणि गेला तर?"

"मागचा गेला तर खडखडाट होतो, गाडी थांबते. हा पुढचा आहे. हा तुटला की नळ्याचं टोक खाली पडतं. गाडी वेगात असेल तर ते रस्त्यात रुततं आणि गाडी त्याच्यावर उभी राहते, बांबू टेकून उडी मारतात ना, तशी." एवढं बोलून तो हसला. मग त्यानं आमच्याकडे बघितलं आणि हसू आवरलं.

ती माझ्या शेजारीच होती. याच गाडीत छकुलीला मागे बसवून ती तुमच्या घरापासून इथवर आली होती. आता ती मागच्या दाराची काच वर करून, परत खाली करून, परत वर करत राहिली.

डुलकीनं मग आणखी एक दाखवलं. तो नळा दोन तुकड्यांचा असतो, एकात एक सरकणारा. दोन्हींवर एकेक बाण कोरलेला असतो आणि बाण समोरासमोर यावे लागतात. आपल्या गाडीत ते आले नव्हते. एक खाली बघत होता, दुसरा बाजूला. "असा जोडला की हादरतोच," तो म्हणाला, "आणि हादरून हादरून क्रॉस खातो. हा उघडला कुणी होता?"

ती म्हणाली, "घरीच. क्लच बदलताना."

घरी आल्यावर मागच्या पायऱ्यांवर बसून तिनं मला सांगितलं. तुम्ही अंगणात गाडीखाली होतात, ती बॅटरीचा उजेड धरून शेजारी बसली होती. शाफ्ट परत चढवताना तिला ते बाण दिसले. तिनं विचारलं, "हे दोन बाण एका रेषेत नको का?" शेजारचे गृहस्थ कुंपणापाशी गप्पा मारत उभे होते. तुम्ही त्यांना म्हणालात, "बघा, आता मला हाताखालचा माणूस शिकवायला लागला." ते हसले. तुम्ही तिला म्हणालात, "पुढच्या वेळी तूच ये खाली." तीही हसली, असं ती म्हणते. त्या दिवशी तिलाही ते हसण्यासारखंच वाटलं होतं.

मागच्या पत्रात जे लिहायचं राहिलं, ते आता लिहितो. ते पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी छकुलीचे केस विंचरायचे होते, तर ती म्हणाली, "बाबा, माझ्या पर्समधून फणी द्या." फणीबरोबर गोळ्यांची पट्टी हाताला आली. ती पट्टी मी डोळे मिटूनही ओळखीन. दुकानात तिचा खण वेगळा होता, कुलपाचा.

मी विचारलं, "कुणाच्या गं या?"

"माझ्या. झोपेच्या."

"झोपेची गोळी सकाळी कुणी घेत नाही. या पट्टीवर तर दुकानदारानं 'सकाळ-रात्र' लिहिलंय."

ती छकुलीच्या केसांतला गुंता सोडवत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरांनी दिल्यात. भास होतात म्हणून."

"कसले भास?"

"गाडी हादरते असे."

जावईबापू, हात धुऊन येतो असं सांगून मी आत गेलो आणि बराच वेळ नळ सोडून उभा राहिलो.

ती सांगते, तुम्हीच तिला डॉक्टरांकडे नेलंत. तिच्या शेजारी बसलात आणि बहुतेक बोललात तुम्हीच. डॉक्टरांना मी दोष देत नाही. समोर जे सांगितलं जातं त्यावर ते औषध देतात. पण त्या गोळीच्या वेष्टणावर छापलेलं असतं, की ही घेऊन वाहन चालवू नये. दुकानात ते वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तोंडानं सांगायचो. तुम्ही शिकलेले आहात, वाचलं असेलच. आणि रोज सकाळी हमरस्त्यानं कामावर जायला तिच्या हातात किल्ली त्याच गाडीची. इकडे हमरस्त्याच्या फेऱ्या मी तिच्या सकाळच्या गोळीच्या आधीच उरकून घेतल्या.

मी अजून कुठल्याही निष्कर्षाला आलेलो नाही. हातून चूक कुणाच्याही होते. बाण चुकला असेल, लक्षात आलं नसेल. खरोखर तिची काळजी वाटून तुम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं असेल. तसंच असेल, असं मला मानायचं आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते कळवा.

बाबा


१७ फेब्रुवारी

जावईबापू,

तुमच्या उत्तराची वाट न पाहता लिहितो आहे.

आज डुलकी नवा क्रॉस आणायला निघाला होता. निघण्याआधी पाना शोधायला त्यानं डिकी उघडली. स्टेपनी उचलली. तिच्या खालच्या खळग्यात फडक्यात गुंडाळलेला एक खोका होता, वरची चिकटपट्टीसुद्धा न काढलेला. आत नवाकोरा क्रॉस, याच गाडीच्या मापाचा. डुलकी खूश झाला. "काका, माझी फेरी वाचली. मालकांनी आधीच आणून ठेवलाय की."

मी तो खोका हातात घेऊन गॅरेजच्या स्टुलावर बसलो. तुमचं पत्र आठवलं. टायरची हवा, चाकं, इंजिनाचे रबर, सगळं तुम्ही क्रमानं लिहिलं होतंत. शाफ्टचं नाव तेवढं त्यात नव्हतं. ज्याला गाडीतलं इतकं कळतं, त्याला नेमकी तीच गोष्ट सुचू नये, यात पाणी कुठं मुरतंय ते तेव्हाच माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

गॅरेजपासून घर पाच मिनिटांवर. तेवढ्या वाटेत माझं मत दोनदा फिरलं. तिला दाखवूच नये, असंही वाटलं. मग वाटलं, तिच्या भल्यासाठी म्हणून तिच्यापासून काही लपवणारा आणखी एक पुरुष आपण कशाला व्हायचं?

मी खोका तिच्यापुढे टेबलावर ठेवला आणि कुठं मिळाला ते सांगितलं. तिनं तो उघडला नाही. बोटानं थोडा बाजूला सरकवला, जसं गरम भांडं सरकवतात. ही आतून आली, आम्हा दोघांकडे बघून परत आत गेली. हिला गप्प बसवणारी गोष्ट आमच्या घरात याआधी घडली नव्हती.

लेक म्हणाली, "हा त्यानं कधी घेतला?"

"मला कसं माहीत असणार?"

"विचारा त्याला."

"तू विचार. नवरा तुझा आहे."

"माझ्या प्रश्नांना त्याच्याकडे एकच उत्तर असतं, बाबा. तुम्ही विचारा."

म्हणून विचारतो. बाकी काही लिहू नका. राग, खुलासा, माझ्या मुलीचा स्वभाव, काही नको. एवढंच कळवा: हा सांधा तुम्ही विकत आणलात तो तिला डॉक्टरांकडे नेण्याच्या आधी की नंतर?

उत्तर मी उघडणार नाही. पाकीट तसंच तिच्या हातात देईन.

बाबा


२ मार्च

जावईबापू,

तुमचं पाकीट आलं ते सांगितल्याप्रमाणे तिला दिलं. ती ते घेऊन मागच्या पायऱ्यांवर गेली. आम्ही दोघं म्हातारे स्वयंपाकघरात बसून राहिलो. ही एकच कप पुन्हा पुन्हा पुसत होती. शेवटी ती आत आली, पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "वाचा. त्यानं खरं लिहिलंय."

पहिल्या ओळीत एकच शब्द: "आधी."

मी तो शब्द वाचून चष्मा काढला. मग पुसून परत लावला आणि पुढचं वाचलं.

तुम्ही लिहिलं आहे, की क्लच बसवल्यावर पहिल्याच लांबच्या फेरीत तुम्हाला कळलं होतं. शाफ्ट चुकला, हे ओळखायला तुम्हाला क्षणही लागला नाही. सुट्टीच्या दिवशी गुपचूप उघडून नीट करायचा, असं ठरवलंत. पण त्या दिवशी ऑफिसातले लोक आले, तुमचं काम बघायला. त्यांच्यासमोर ती म्हणाली, "क्लच बदलल्यापासून गाडी हादरते." आणि तुमच्या तोंडून गेलं, "हिला भास होतात." सगळे हसले. तो शब्द एकदा गेला आणि मग तो राखत बसावं लागलं. क्रॉस आणलात तो ती बसनं माहेरी जाईल तेव्हा बसवायचा म्हणून. ती गेली नाही. रोज विचारत राहिली, तुम्ही रोज नाही म्हणत राहिलात. तिची झोप उडाली. ती दारं-खिडक्यांना हात लावून बघायला लागली, घरही हलतंय का म्हणून. तेव्हा तुम्हाला खरंच वाटायला लागलं, की हिला काहीतरी झालंय. डॉक्टरांकडे नेलंत तेव्हा तुम्हाला निम्मं खोटं आणि निम्मं खरं वाटत होतं, असं तुम्ही लिहिता.

मी हे सगळं दोनदा वाचलं. तुम्हाला "नंतर" लिहिता आलं असतं. तपासायला कोण येणार होतं? तुम्ही "आधी" लिहिलंत, हे मी विसरणार नाही. पण घर हलतंय का म्हणून भिंतींना हात लावणारी माझी मुलगी तुम्ही डोळ्यांनी बघितलीत आणि सांधा डिकीत तसाच राहू दिलात, हेही मला विसरता येणार नाही. दोन्ही गोष्टी एकाच पत्रात आहेत. मी त्यांची वजाबाकी करत बसलो नाही.

आता इकडची हकीकत. गाडी दुरुस्त झाली. दोन्ही टोकांचे क्रॉस नवे घातले. पुढचा तुम्ही आणलेलाच वापरला. बसवायच्या आधी डुलकीनं तिला बोलावून घेतलं आणि बाण जुळलेत का ते तिलाच बघायला लावलं. तिनं वाकून बघितलं, बोट फिरवून बघितलं, म्हणाली, "जुळलेत." मग शाफ्ट लेथवाल्याकडे नेऊन फिरवून बघितला, एका बाजूला पत्र्याचा छोटा तुकडा जोडून त्याचं वजन सारखं करून घेतलं.

काल आम्ही दोघं हमरस्त्याला गेलो. पन्नास, साठ. सत्तरजवळ आल्यावर तिनं स्टिअरिंग घट्ट धरलं. मीही नकळत दाराची कडी धरली होती. सत्तर गेलं. ऐंशी गेलं. वारा तेवढा वाजत होता. नव्वदला ती म्हणाली, "काही जाणवतंय का तुम्हाला?"

मी नीट थांबून, पाय खाली टेकवून, लक्ष देऊन सांगितलं, "नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली.

परतायचं वळण आलं, ते तिनं सोडून दिलं. पुढचंही सोडलं. गाडी नुसती जात राहिली आणि ती समोर बघत होती. काही वेळानं तिच्या गालावरून पाणी ओघळायला लागलं. तिनं ते पुसलं नाही, हात स्टिअरिंगवरच ठेवले.

गोळ्यांचं सांगतो. आमच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. एकदम बंद करायच्या नसतात, हे मलाही ठाऊक होतं. त्या हळूहळू कमी करताहेत. तोवर लांबचं चालवायचं नाही, असं त्यांचं सांगणं आहे. कालचं ते अपवाद म्हणून, मी शेजारी असताना, त्यांना विचारून. गोळ्या कमी झाल्यापासून तिला झोप कमी लागते, पण जागी असते तेव्हा पूर्ण जागी असते. छकुली परवा म्हणाली, "आई आता पटकन उत्तर देते."

परत येण्याचं. मी तिला विचारलं, तुझ्या मनात काय आहे. ही आधीच म्हणाली होती, "तिला आत्ता विचारू नका," तरी विचारलं. ती बोटांनी टेबलावर रेघा ओढत होती. मग म्हणाली, "मला माफी नकोय, बाबा. माफी त्याला येते. घरात, दार लावून, तो छान माफी मागतो."

"मग काय पाहिजे?"

"त्या डॉक्टरांच्या खोलीत मी खुर्चीवर बसले होते आणि तो माझ्याबद्दल बोलत होता. मला परत तिथं जायचंय. त्याच दोन खुर्च्या. आणि त्यानं त्यांना सांगायचं, गाडी खरंच हादरत होती. मला माहीत होतं आणि मी खोटं बोललो. एवढंच."

"आणि मग येशील?"

"मग बघेन. त्याच्या आधी बघण्यासारखं काही नाही."

मी तिच्या वतीनं हे लिहितो आहे, पण शब्द तिचेच आहेत. लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवले. एका ठिकाणी मी तुमच्यासाठी थोडं मऊ लिहिलं होतं, ते तिनं खोडायला लावलं.

बापाच्या नात्यानं माझे दोन शब्द. पहिल्या दिवशी बाजारातून फेरी मारून येऊन मीही तिला "दमली आहेस" म्हटलं होतं. काल घरी आल्यावर, हिच्यासमोर, मी तिला म्हणालो, "तू सांगत होतीस ते खरं होतं आणि मी ऐकलं नाही." फार कठीण नसतं. घसा जरा कोरडा पडतो आणि नंतर पाणी प्यावंसं वाटतं. तुमचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा मोठं आहे आणि ऐकणारा परका आहे, हे मला कळतं. म्हणून घाई करत नाही.

तुम्हाला जमणार असेल तर त्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि तिला कळवा. मला नको, तिला. ती येईल, मी तिच्याबरोबर येईन, आणि तुम्ही दोघं आत गेलात की बाहेरच्या बाकावर बसेन. जमणार नसेल तर तसंही कळवा. मग गाडी डुलकीच्या हाती तुमच्या दारात पाठवून देतो. ती आता कुठल्याही वेगाला स्थिर चालते.

आजवर तुम्हाला पत्र लिहिताना मी शेवटी "बाबा" लिहीत आलो. आज तो शब्द लिहायला हात वळत नाही. तुमचं उत्तर येईपर्यंत मी फक्त

तिचा बाप.